२० मेंढ्या + १ मेंढा, खटाव तालुका : वर्षाचं वेळापत्रक कसं बसवावं?

खटाव_पूर्व

राम राम मंडळी. साडेचार एकर रान आहे. एकरभर विहिरीवर भिजतं, तेही फेब्रुवारीपर्यंत. बाकी सगळं जिरायत. खरिपाला बाजरी, मटकी, थोडी तूर, रब्बीला शाळू आणि हरभरा. कामाची माणसं दोन. ओढ्याकाठी बाभळी भरपूर, चरायला पडीक माळ आणि सुगीनंतर मोकळी रानं मिळतात. मे महिन्यात २० मेंढ्या आणि १ मेंढा आणून अर्धबंदिस्त पद्धतीनं सांभाळायचं ठरतंय.

सध्याचा बेत असा : मेंढा वर्षभर कळपातच राहील. जुलैत पाऊस लागला की सगळ्यांना जंताचं औषध, अल्बेंडाझोल. खनिज मिश्रण गाईसाठी आणलेलं घरात आहे, त्यातलंच थोडं थोडं. शेड २० बाय १५ फूट, वर पत्रा, खाली मुरूम.

विचारायचंय ते हे : दख्खनी घ्यावी की माडग्याळ? कोणत्या महिन्यात काय करायचं? उन्हाळ्यासाठी चारा किती साठवायचा? वरच्या बेतात काही चुकत असेल तर न संकोचता सांगा.

---

जत_वाडा

भाऊ, पहिली चूक बेताच्या पहिल्याच वाक्यात आहे. मेंढा वर्षभर कळपात म्हणजे कोकरं बारा महिने पडणार. चार जुलैच्या चिखलात, तीन एप्रिलच्या उन्हात, दोन दिवाळीत. मग लस कुणाला कधी, खुराक कुणाला किती, याचा मेळ बसत नाही, आणि व्यापारी आला की एका वयाची पाच कोकरंसुद्धा दाखवता येत नाहीत.

छोट्या कळपात वर्षाची सगळी घडी एकाच तारखेवर बसते : मेंढा कधी सोडला. गाभणकाळ १४७ ते १५० दिवसांचा. तेव्हा आधी ठरवायचं ते विण्याचं, आणि तिथून मागं मोजत यायचं.

मेंढीला सगळ्यात जास्त खायला लागतं ते व्याल्यावरच्या पहिल्या आठ-दहा आठवड्यांत. माण, खटाव, आटपाडी, जत या पट्ट्यात भरवशाचा पाऊस सप्टेंबरचा, परतीचा. म्हणजे हिरवं ऑगस्ट ते डिसेंबर, मग तुरीचं भुसकट, मग हरभऱ्याचं भुसकट आणि शाळूचा कडबा. त्यामुळे कोकरं नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापासून डिसेंबरच्या मध्यापर्यंत पडली पाहिजेत. पाऊस संपलेला, माश्या कमी, रानात चारा. त्याचा हिशेब : १५ जूनला मेंढा सोडा, २० जुलैला काढून घ्या. १५ जूनला लागलेली मेंढी १० नोव्हेंबरच्या आसपास विते, २० जुलैची १५ डिसेंबरच्या आसपास.

हे ३५ दिवस का, तर माज १७ दिवसांनी फिरतो. ३५ दिवसांत प्रत्येक मेंढी दोनदा माजावर येते. दोन्ही वेळा उलटली तर ती मेंढी वांझ आहे किंवा आजारी आहे. तिला पुढचे सहा महिने फुकट पोसायचं नाही.

मेंढ्याच्या छातीला गेरू आणि गोडंतेल कालवून लावा, दर दोन-तीन दिवसांनी पुन्हा. ज्या मेंढीवर मेंढा चढला तिच्या पाठीमागं लाल डाग दिसतो. वहीत तारीख लिहा. १७ दिवसांनी रंग बदला, काजळी किंवा हळद काहीही चालेल. नव्या रंगाचा डाग दोन-तीन मेंढ्यांवरच दिसला तर काम चोख. निम्म्याअधिक मेंढ्या पुन्हा रंगल्या तर दोष माद्यांत नाही, नरात आहे. त्याच दिवशी दुसरा मेंढा बघायचा. ही साधी युक्ती न केल्यामुळे लोकांना डिसेंबरात कळतं की कळप रिकामा आहे.

मेंढा जूनमध्ये नापास होण्याचं मोठं कारण म्हणजे मे महिन्यातला पत्रा. वीर्य तयार व्हायला सात आठवडे लागतात, म्हणजे १५ जूनला जे कामाला येणार ते एप्रिलच्या अखेरीपासून तयार होत असतं. त्या काळात मेंढा झाडाखाली हवा, पाणी कायम समोर हवं, अंगावर लोकर नको. आणताना दोन्ही अंडगोळ्या हातानं चाचपा : सारख्या, टणक, गाठ नसलेल्या. एक लहान एक मोठी असेल तर कितीही देखणा असो, सोडून द्या.

आता जात. माडग्याळ आमच्या भागातली : उंच, बाकदार नाकाची, पांढऱ्यावर तांबूस डाग, अंगावर लोकर नावाला. कोकरू झपाट्यानं वाढतं, पण खातंही तसंच, आणि बहुतेक एकच होतं. दख्खनी काटक, लांब चालते, कमी चाऱ्यावर टिकते, पण वाढ सावकाश आणि लोकर कातरावी लागते. तुमच्या रानाला दख्खनी मेंढ्या आणि वर माडग्याळ मेंढा हा मेळ चांगला. फक्त पहिलटकरू, बारक्या अंगाच्या दख्खनीला थोराड माडग्याळ मेंढा लावू नका, कोकरू आडतं. आणि आटपाडीच्या बाजारात मेंढ्याला लाखांच्या बोली लागल्याच्या बातम्या वाचून नाकाचा बाक आणि कानाची लांबी यांचे पैसे मोजू नका. कसायाचा काटा नाक बघत नाही.

खरेदी शक्यतो वाड्यावरून, म्हणजे मेंढपाळाच्या तळावरून करा, बाजारातून नको. बाजारात दहा गावची मेंढरं एकमेकांना खोकतात. दोन दाती किंवा चार दाती घ्या, दोन्ही सड दाबून बघा, खूर उचलून वास घ्या, पाच मिनिटं पळवून खोकला ऐका.

---

पशुवैद्यक_फलटण

वर जे वेळापत्रक दिलंय त्यावरच पुढचं सांगतो, कारण औषधांच्या तारखा त्यावरच बसतात.

अल्बेंडाझोल जुलैत द्यायचं नाही. गाभणपणाच्या पहिल्या महिन्यात ते दिलं तर कोकरू व्यंगाचं होऊ शकतं. तुमचा मेंढा १५ जून ते २० जुलै कळपात असेल, म्हणजे १५ जून ते २० ऑगस्ट हा काळ या औषधाला बंद. ते द्यायचं असेल तर जूनच्या पहिल्या आठवड्यात, मेंढा सोडण्याआधी. किलोला ७.५ मिलिग्रॅम, बाजारातलं द्रावण बहुतेक २.५ टक्के असतं, म्हणजे ३० किलोच्या मेंढीला ९ मिली. बाटलीवरचा टक्का वाचून मगच मोजा. पावसाळ्यात गरज पडली तर फेनबेंडाझोल, किलोला ५ मिलिग्रॅम. १५० मिलिग्रॅमची एक गोळी ३० किलोला पुरते.

पण पावसाळ्यात सरसकट सगळ्यांना दर महिन्याला औषध, ही सवय लावूच नका. जंत औषधाला दाद देईनासे होतात. खालची पापणी हळूच खाली ओढून आतला रंग बघा. लाल किंवा लालसर गुलाबी : सोडा. फिकट गुलाबी : लक्ष ठेवा. पांढुरका : आजच औषध. जुलै ते ऑक्टोबर दर १५ दिवसांनी हे करायचं, २० मेंढ्यांना अर्धा तास पुरतो. पावसाळ्यात मारतो तो पोटातला रक्त पिणारा गोल जंत. त्याची खूण म्हणजे जबड्याखाली मऊ पिशवीसारखी सूज; त्यात संडास पातळ होईलच असं नाही, म्हणून लोकांना जंताची शंकाच येत नाही. त्यासाठी क्लोसँटेलही वापरतात, पण डोस चुकून जास्त गेला तर मेंढी आंधळी होते. ते वजन करून, डॉक्टरांसमोरच.

औषध पाजताना मान आभाळाकडे करू नका. तोंड जमिनीला समांतर, नळी गालाच्या कोपऱ्यातून जिभेच्या मागच्या भागावर, आणि हळू. घाईत पाजलेलं औषध फुफ्फुसात जातं, आणि मग तिसऱ्या दिवशी मेलेल्या मेंढीचा दोष औषधावर येतो.

जंताची पिल्लं सकाळच्या दवात गवताच्या शेंड्यावर चढून बसतात. पावसाळ्यात दहाच्या आत चरायला सोडू नका. खायला घालून, पोट अर्धं भरून सोडलं तर मेंढरू अगदी बुडापासून कुरतडत नाही.

गाईचं खनिज मिश्रण : देऊ नका. त्यात तांबं असतं, आणि मेंढीच्या यकृतात तांबं साठत जातं. महिनोन्‌महिने काही दिसत नाही, मग एखाद्या ताणाच्या दिवशी (लांबचा प्रवास, पावसात भिजणं, उपासमार) ते एकदम रक्तात उतरतं. लघवी काळपट लाल, डोळे पिवळे, दोन दिवसांत खेळ आटोपतो. मेंढीसाठीचं वेगळं मिश्रण मागा, दिवसाला ८ ते १० ग्रॅम. कोंबडीखाद्य उरलं म्हणून घालणं याच कारणानं बंद.

लसी :

मेच्या पहिल्या पंधरवड्यात आंत्रविषार (आतड्यात विष तयार होणारा रोग). कळपाला पहिल्यांदाच देत असाल तर दोन-तीन आठवड्यांनी दुसरा डोस, नाहीतर पहिला वाया. घटसर्प त्यानंतर, पण पावसाआधी. दोन लसींत १५ ते २१ दिवसांचं अंतर ठेवा. निळ्या जिभेची लस मिळाली तर तीही पावसाआधीच, कारण तो रोग चिलटांमार्फत येतो आणि चिलटं पावसाबरोबर. ऑक्टोबरच्या मध्यावर गाभण मेंढ्यांना आंत्रविषाराचा आणखी एक डोस द्या. हा आईसाठी नसून कोकरासाठी असतो, चिकातून संरक्षण उतरतं. लाळ्या-खुरकूत वर्षातून दोनदा, सरकारी फेरीत. पीपीआर (मेंढ्या-शेळ्यांचा बुळकांडीसारखा रोग) एकदा टोचली की तीन वर्षं. कोकरांना चार महिने पूर्ण झाल्यावर, म्हणजे तुमच्याकडे एप्रिलमध्ये. ती पातळ केल्यावर दोन तासांत संपवायची, बर्फातच ठेवायची. देवीची लस हिवाळा संपता संपता, विण्याच्या धावपळीत नको.

नवीन मेंढ्या आणल्यावर २१ दिवस वेगळ्या. गावातल्या कळपाशी पाणवठासुद्धा एक नको.

---

माणदेशी_शिवार

शेडचा हिशेब कुणी केला नाही, तो आधी. मेंढीला १० ते १२ चौरस फूट, मेंढ्याला ३५, कोकराला ४ ते ५. म्हणजे २० मेंढ्यांचे २४०, मेंढ्याचे ३५, कोकरांचे ८०, एकूण साडेतीनशेच्या वर. तुमचं ३०० होतं. शेड पाडायची गरज नाही, समोर दुप्पट मोकळं आवार जाळीनं घ्या आणि मेंढ्याला बाहेर आडोसा करा. गव्हाण मेंढीमागं एक फूट. दोन्ही बाजूंनी खाता येईल अशी १० फुटी एक पुरे. उंची दीड फूट, वर आडवी पट्टी, म्हणजे कोकरं आत उड्या मारून लेंड्या टाकणार नाहीत. पत्र्यावर मार्चमध्ये चुना मारा किंवा पाचट अंथरा. जाळी ६ फुटांची, खालची कड जमिनीत पुरलेली. आपल्याकडे लांडगा आहेच, पण आता गावठी कुत्र्यांची टोळी त्याच्याहून वाईट. लांडगा एक नेतो, कुत्री दहा फाडून ठेवतात.

चारा. टंचाई १ मार्च ते ३० जून, १२० दिवस धरा. मोठ्या जनावराला दिवसाला ८०० ग्रॅम कोरडा चारा आवारात. २१ × ०.८ × १२० = साधारण २ टन. पण हे पोटात जाणारं झालं. अख्खा कडबा टाकलात तर मेंढी पानं ओरबाडते आणि ताटं पायाखाली तुडवते. तिसरा हिस्सा वाया धरा. कुट्टी करून दिली तर नासाडी अर्ध्यावर येते. म्हणून अडीच टन साठवा, त्यात निम्म्याहून जास्त भुसकट असू द्या. तुरीचं, हरभऱ्याचं, मटकीचं. मेंढीला कडब्यापेक्षा कडधान्याचं भुसकट केव्हाही मानवतं. भुईमुगाचा वेल मिळाला तर सोडू नका, पण बुरशी आलेला नको.

तुमच्याकडं बाभळी आहेत हे मोठं भांडवल. एप्रिल-मेमध्ये शेंगा पडतात. झाडाखाली जुनी साडी अंथरून काठीनं झोडा, वाळवा, पोत्यात भरा. दिवसाला मेंढीमागं २०० ग्रॅम, ६० दिवस, २० मेंढ्या : २४० किलो. अख्ख्या दिल्या तर बी तसंच लेंडीतून बाहेर पडतं, म्हणून जाडसर भरडा. २०० च्या वर जाऊ नका, तुरटपणानं पचन मंदावतं.

विहिरीवरच्या एकरातले १० गुंठे दशरथ घासाला द्या. जून-जुलैत पेरा, एकरी ८ ते १० किलो बी लागतं, म्हणजे १० गुंठ्यांना दोन-अडीच किलो. बियाचं कवच टणक असतं. पाणी उकळवून खाली उतरवा, चार-पाच मिनिटं थांबून त्यात बी टाका, मग रात्रभर साध्या पाण्यात. हे न करता पेरलं की उगवण विरळ होते आणि दोष बियाणेवाल्याला जातो. पहिली कापणी अडीच महिन्यांनी, मग दर ४०-४५ दिवसांनी. बांधावर शेवरी लावा. सुबाभूळ एकूण हिरव्याच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त नको, लोकर आणि केस गळतात.

जूनचा खुराक : १ जूनपासून ३० दिवस, मेंढीमागं २५० ग्रॅम. २० मेंढ्यांना रोज ५ किलो, म्हणजे १५० किलोची तयारी. १०० किलोत मका किंवा बाजरीचा भरडा ६०, शेंगपेंड किंवा सरकी पेंड २५, गव्हाचा कोंडा १२, मीठ १, मेंढीचं खनिज मिश्रण २. पहिल्या दिवशी ५० ग्रॅम, मग आठवडाभरात २५० वर. एकदम घातलात तर पोट कोंडतं. खळ्यावर सांडलेली बाजरी किंवा लग्नातला उरलेला भात खाल्ला की हेच होतं : मेंढी दात खाते, रवंथ थांबतो, आंबूस वासाची संडास. लगेच १५ ते २० ग्रॅम खाण्याचा सोडा पाण्यातून, आणि दिवसभर धान्य बंद.

जुलै-ऑगस्टमध्ये जमिनीचा ओलावा खुरांत शिरतो. मुरमावर दर आठवड्याला चुना भुरभुरा. लंगडी दिसली की त्याच दिवशी खुराची वाढलेली कड कापा आणि पाय धुवा. पायधुणीसाठी मोरचूद सगळे सांगतात, पण त्यात तांबं असतं. तहानलेलं मेंढरू ते पाणी पितं, आणि वर डॉक्टरांनी तांब्याचं सांगितलंच आहे. त्यापेक्षा खतदुकानातलं झिंक सल्फेट, १० लिटर पाण्यात १ किलो. उथळ टाकीत ५ ते १० मिनिटं उभी करा, मग कोरड्या जागी तासभर.

एक धोका ऋतूबाहेरचा आहे. शाळू काढल्यावर रानात अवकाळी पाऊस झाला की धाटांना फुटवे येतात, कोवळे, लुसलुशीत. त्या रानात मेंढरं घातली की किराळ लागतं, म्हणजे कोवळ्या ज्वारीतलं विष बाधतं. पंधरा-वीस मिनिटांत धाप, तोंडाला फेस, लटपटून पडणं. सोडियम थायोसल्फेट शिरेतून वेळेत गेलं तर वाचतं, नाहीतर नाही. खरिपाच्या ज्वारीलाही हाच नियम, फुलोऱ्यावर येईपर्यंत तिकडं वळवायचं नाही. पाण्याचा ताण बसलेली, पिवळी पडलेली तर अजिबात नाही.

---

वाळवा_बागायत

जूनमध्ये मेंढा सोडा हे जिरायतीला बरोबर, पण सगळीकडं तोच नियम लावू नका. कृष्णाकाठच्या, कालव्याच्या पट्ट्यात चारा बारमाही असतो. तिथं आठ महिन्यांचं चक्र बसतं, दोन वर्षांत तीन वेत : पाच महिने गाभण, दोन-अडीच महिने दूध, मग पुन्हा मेंढा. एका वर्षात एकच वेत घेणं म्हणजे बागायतीत पैसे सोडणं.

अट अशी की ओल्या पट्ट्याचे रोग वेगळे. पाटाच्या कडेला, पाणथळ जागी शंखातून यकृतातला चपटा जंत येतो. त्याला फेनबेंडाझोलनं काही होत नाही, ट्रायक्लाबेंडाझोल किंवा ऑक्सिक्लोझानाइड लागतं. आणि उसाचे वाढे फुकट मिळतात म्हणून नुसत्या वाढ्यांवर कळप पोसू नका. त्यात ऑक्झलेट असतं, अंगातला चुना (कॅल्शियम) खेचून घेतं. निम्म्यापेक्षा कमी वाढे, बाकी भुसकट आणि घास, शिवाय खनिज मिश्रण न चुकता.

---

जत_वाडा

वाळव्याच्या दादांचं बागायतीपुरतं पटतं. पण विहीर फेब्रुवारीत आटणाऱ्या रानात तीन वेतं बसवली तर एक वेत हमखास एप्रिल-मेच्या दुधात सापडतं. मेंढी वाळते, कोकरू खुरटतं, आणि पुढच्या जूनला ती माजावरच येत नाही. तीनाच्या नादात दोनसुद्धा हाती लागत नाहीत. खटावच्या भाऊंनी पहिली तीन वर्षं वर्षाला एकच वेत घ्यावं.

---

खटाव_पूर्व

फार उपयोग झाला, सगळ्यांचे आभार. मेंढा वेगळा ठेवणार, आवार वाढवणार, गाईचं मिश्रण बंद. आणखी तीन शंका. फलटणच्या नारी सुवर्णाबद्दल ऐकलंय, जुळी देतात, त्या घ्याव्यात का? विण्याच्या वेळी नेमकं काय करायचं? आणि दख्खनी घेतल्या तर कातरणी कधी?

---

पशुवैद्यक_फलटण

नारी सुवर्णा ही फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं तयार केलेली. सुंदरबनाकडच्या बुटक्या गरोळ मेंढीत जुळ्यांचा एक जनुक आहे, तो दख्खनीत आणला. जनुक आला तरी दूध आपोआप दुप्पट होत नाही. शेवटच्या दीड महिन्यात आणि दुधाच्या दोन महिन्यांत खुराक देऊ शकत असाल तरच जुळ्यांचा फायदा. नाहीतर दोन मरतुकड्या कोकरांपेक्षा एक धडधाकट बरं. पहिल्या वर्षी सगळा कळप तसा करू नका. घ्यायच्याच तर चार-पाच.

विण्याचं. कोकराची दोन-तृतीयांश वाढ पोटातल्या शेवटच्या सहा आठवड्यांत होते, म्हणून १ ऑक्टोबरपासून रोज २५० ग्रॅम खुराक, जुळ्याची शंका असेल तर ४०० पर्यंत. या दिवसांत सलग पाऊस लागून मेंढ्या उपाशी राहिल्या की एखादी चारा सोडते, कळपामागं राहते, नजर शून्यात, तोंडाला गोडसर वास. अंगातली साखर संपलेली असते. १०० ग्रॅम गूळ पाण्यातून दिवसातून दोनदा पाजा आणि डॉक्टरांना त्याच दिवशी बोलवा. ती आडवी झाल्यावर हाती फारसं काही उरत नाही.

विण्याआधी आठवडाभर कासेभोवतीची आणि शेपटीखालची लोकर कातरा. पिशवी फुटल्यावर तासाभरात कोकराचे पाय आणि नाक दिसलं नाही तर मदत लागणार. बाहेर आल्यावर नाकातोंडातला चिकटा पुसा, बाकी अंग आईला चाटू द्या. नाळ चार बोटांवर कापून टोक टिंक्चर आयोडीनमध्ये बुडवा. नुसता बोळा फिरवून भागत नाही. इथं हयगय झाली की दहा-बारा दिवसांनी कोकराचे गुडघे सुजतात. तासाच्या आत चीक पोटात गेलाच पाहिजे. पहिल्या २४ तासांत वजनाचा दहावा हिस्सा, म्हणजे ३ किलोच्या कोकराला ३०० मिली, तीन-चार वेळांत. आईला दूध नसेल तर दुसऱ्या मेंढीचा, शेळीचा, अगदी गाईचा चीकही चालतो. वार १२ तासांत पडली नाही तर ओढू नका, फोन करा.

पोरकं कोकरू दुसऱ्या आईला लावायचं तर ती वितानाच, तिच्या पोटातलं पाणी त्याच्या अंगाला चोळून, तिच्या कोकराशेजारी ठेवायचं. दुसऱ्या दिवशी हा प्रयत्न फसतो, तोवर तिला वास पक्का कळलेला असतो.

डिसेंबरच्या थंडीला खाली पाचट, बाजूनं गोणपाटाचे पडदे, रात्री कोकरं डालग्याखाली. पण शेड गच्च बंद करू नका. लघवीची वाफ कोंडली की न्यूमोनिया ठरलेला. आत गुडघे टेकून बसा. डोळे चुरचुरले तर कोकराच्या उंचीला हवा खराब आहे.

तिसऱ्या आठवड्यापासून कोकरांना वेगळ्या खणात मूठभर भरडा आणि कोवळा घास, आई आत शिरणार नाही अशा फटीतून. तीन महिन्यांना दूध तोडा. दख्खनी-माडग्याळ मिश्र कोकरू नीट खाल्लेलं असेल तर तेव्हा १५ किलोच्या आसपास भरतं. आंत्रविषाराची लस तेव्हाच. हा रोग सगळ्यात सुदृढ, अधाशी कोकराला आधी उचलतो, संध्याकाळी उड्या मारणारं सकाळी ताठ. खुराक अचानक वाढवणं हे त्याचं कारण.

विक्रीला ठेवलेल्या नरांना नुसता भरडा चारला तर लघवी अडते. खुराकात शेकडा एक किलो चुनखडीची भुकटी आणि एक किलो मीठ, पाणी भरपूर.

---

माणदेशी_शिवार

कातरणी दोनदा. पहिली मेच्या अखेरीस, पावसाच्या आधी. ओली लोकर अंगावर राहिली की माश्या अंडी घालतात आणि आठवड्यात अळ्या पडतात. दुसरी जानेवारीच्या अखेरीस, थंडी ओसरताना, कोकरं दीड-अडीच महिन्यांची झाल्यावर. ऑक्टोबर-नोव्हेंबरात पोटुशी मेंढी उलटी पाडून कातरायची नाही. कातरणीच्या आदल्या रात्री उपाशी ठेवा, अंग कोरडं हवं, कापलेल्या जागी हळद-तेल. गोचिडाचं औषध जखमा भरल्यावर दोन आठवड्यांनी. त्याआधी पोटभर पाणी पाजा, म्हणजे औषधाचं पाणी चाटणार नाहीत.

एका कातरणीला पाव ते अर्धा किलो निघते. भावाची आशा धरू नका. जवळपास घोंगडी विणणारे सणगर असतील तर काळी लोकर वेगळी ठेवा, कोकराची पहिली जावळाची लोकर आणखी वेगळी; तिला अजून विचारणारे आहेत.

---

वाळवा_बागायत

विक्रीचं एक राहिलं. बकरी ईद दरवर्षी १०-११ दिवस अलीकडे सरकते. नोव्हेंबरचं कोकरू त्याच वर्षीच्या ईदेला धरू नका, वय आणि दात बघितले जातात. मांसाला जाणारी कोकरं मार्च-एप्रिलमध्ये, चारा संपण्याआधी, लोणंद किंवा आटपाडीच्या बाजाराला काढा. त्यातले दोन-चार उमदे नर मागं ठेवून पुढच्या ईदेपर्यंत वाढवा. उरलेल्यांना मे महिन्यात विकत घेतलेला कडबा चारून काही उरत नाही.

---

खटाव_पूर्व

समजलं. शेवटचं : मेंढा २० जुलैला काढल्यावर एकटा बांधला तर ओरडून जीव देतो म्हणतात. त्याला सोबत काय ठेवायचं?

---

जत_वाडा

एक खच्ची केलेला नर किंवा एखादा बोकड सोबतीला द्या, गप्प बसतो. मेंढ्यांच्या वाऱ्याच्या दिशेला बांधू नका, निदान पन्नास पावलं लांब आणि मध्ये भिंत. पुढच्या वर्षी १ जूनपर्यंत तो मेंढ्यांच्या नजरेला आणि नाकाला पडला नाही, आणि मग जाळीपलीकडं आणून बांधला, की अडीच-तीन आठवड्यांत मेंढ्या जवळजवळ एकदमच माजावर येऊ लागतात. गेरू तेवढा आधी भिजवून ठेवा.